लहान तोंडी मोठा घास

मुलांना बोलते करण्यासाठी मराठीत किती वाक्ये आहेत, हे मी एकदा सहज आठवू लागले. चार-दोन सापडली, तीही बरीचशी पाळण्याच्या वयाची. उलट त्यांना गप्प करण्यासाठी भाषेने आपले भांडार उघडे टाकले आहे. ‘लहान तोंडी मोठा घास’, ‘मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये’, ‘तुला काय कळतंय त्यातलं?’, ‘तू तुझा अभ्यास कर’. आणि हे सारे कमी पडले तर नुसते डोळे वटारण्याची सोय आहेच. तिला व्याकरण लागत नाही. यांतले पहिले वाक्य मला फार दिवस खटकत आले आहे. मोठा घास लहान तोंडात मावत नाही हे खरे. पण त्यावर उपाय दोन असतात. पान आवरून घ्यायचे, हा एक; आणि घास लहान करून भरवायचा, हा दुसरा. जेवणाच्या बाबतीत प्रत्येक आई दुसरा उपाय करते. बोलण्याच्या बाबतीत मात्र आपण पान आवरतो.

घरात जे काही ठरते, म्हणजे कर्ज काढायचे, जमीन विकायची, थोरल्याला शिकायला पुण्याला ठेवायचे, थकलेल्या आजीला कोणी सांभाळायचे, त्यात दहा-बारा वर्षांच्या मुलांना सामील करून घ्यावे काय? हा प्रश्न काहींना पुस्तकी वाटेल, काहींना शहरी चोचला. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. ज्याच्या आयुष्याची दिशा आपण आपल्या शब्दाने वळवतो, त्याला त्यातले काही सांगायला आपण बांधील आहोत की नाही, असा तो प्रश्न आहे. आणि ‘तो लहान आहे’ हे त्याचे पुरते उत्तर होत नाही.

याच्या विरुद्ध जे सांगितले जाते ते बहुधा मायेपोटी सांगितले जाते, म्हणून त्याचा मान राखूनच पुढे गेले पाहिजे. बालपण एकदाच येते. आपल्या वाट्याला ज्या विवंचना आल्या त्या पोरांच्या कानावर कशाला? चार वर्षे हुंदडू द्या, पुढे आहेच जन्मभराचे. हे बोलणारा बाप कठोर नसतो. पण त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आपण सांगितले नाही म्हणजे मुलाला कळले नाही. माझे सारे म्हणणे या एका गृहीताभोवती आहे.

मी 1974 साली लग्न होऊन डिंगोऱ्याला आले. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाट्याकडे जाणारा जो रस्ता आहे, त्यावरचे जुन्नर तालुक्यातले हे गाव. त्या वेळी आमच्या घरातले सगळे ठराव ओसरीवर होत. आबा, म्हणजे माझे सासरे, दोन चुलत सासरे आणि कधी बोलावून आणलेला गावातला एखादा जाणता. आत माजघरात दाराआड आम्ही: सासूबाई, जाऊ, मी आणि आमच्या पदराला धरून पोरे. बायकांची आणि पोरांची जागा एकच होती. ऐकायचे, पण ऐकले असे दाखवायचे नाही. दाराआडून ऐकणाऱ्याच्या वाट्याला अर्धेच वाक्य येते. उरलेले अर्धे तो आपल्या मनाने जोडतो, आणि ते जोडण्याचे काम बहुतेक वेळा भीतीच करते. बायका निदान चुलीपाशी एकमेकींना विचारून ताळा जमवीत. पोरे कोणाला विचारणार?

तरी त्या काळाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तेव्हा ठरवण्यासारखे फारसे नसेच. पाऊस पडला की बाजरी आणि भुईमूग, वरच्या अंगाच्या खाचरांत भात, विहिरीला पाणी राहिले तर थोडा गहू-हरभरा. काय पेरायचे हे आबांनी ठरवले नव्हते, त्यांच्या आज्यानेही ठरवले नव्हते. ते रूढीने ठरवून ठेवले होते. पोराला कोणी विचारत नसे, पण खरे म्हणजे बापालाही कोणी विचारत नसे. लग्न आणि जमीन एवढे दोन विषय सोडले तर वर्ष आपोआप सरे.

मग पाणी आले. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली आणि या मुलुखाचे रूप पालटले. ऊस आला, कांदा वाढला, टोमॅटोने नारायणगावचा बाजार गाजवला. घरे पक्की झाली, पोरे शिकली. त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. पण पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट घरात शिरली, ती म्हणजे दर महिन्याला काहीतरी ठरवण्याची सक्ती. कांदा काढल्याबरोबर विकायचा की बराखीत भरायचा? भरला तर किती दिवस? रोपे आपली करायची की रोपवाटिकेतून आणायची? 2023 च्या जुलैत टोमॅटोने आमच्या तालुक्यातल्या काही घरांना एका हंगामात वर काढले, आणि सप्टेंबरपर्यंत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरीही पुरती निघेना. त्याच वर्षी ऑगस्टात कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. दिल्लीत कोणीतरी कागदावर सही करतो आणि डिंगोऱ्यातल्या एका स्वयंपाकघरात दोन माणसे आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. ठरवण्याचे प्रसंग असे वाढले. ठरवणारी तोंडे मात्र तेवढीच राहिली. ओसरीवर पूर्वी तिघे-चौघे असत. आता विभक्त घरात नवरा एकटा, फार तर बायको. सारा ताण दोन माणसांच्या डोक्यावर, आणि तो मुलांना दिसू नये म्हणून आवाज दाबायचा हा दुसरा ताण त्याच्यावर.

आणि ही पोरे काही राजवाड्यात वाढत नसतात. कांदा काढणीच्या दिवसांत आठवीतली पोर आईच्या बरोबरीने पात कापते. तिचा भाऊ सकाळी डेअरीवर दूध घालून मग शाळेत जातो. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे आठवड्यातून काही रात्री रात्रपाळीची. बाप पाणी धरायला निघाला की बॅटरी धरायला पोरगा. म्हणजे त्यांचे हात घराला चालतात; तोंड तेवढे चालत नाही. शहरातल्या माझ्या नातलगांकडे मी उलटे पाहते. तिथे पोरांना उठता-बसता विचारतात: पिझ्झा की डोसा, निळा की लाल, सिनेमा कोणता. पण घराचा हप्ता थकला आहे हे त्या पोरांना शेवटपर्यंत कळत नाही. आम्ही त्यांचे कष्ट मागतो, ते त्यांची आवड मागतात. त्यांची समज कोणीच मागत नाही.

आता ज्या घरावरून मला हे लिहावेसे वाटले, त्या घराचे सांगते. घर माझ्या धाकट्या दिराच्या मुलाचे, म्हणजे पुतण्याचे. आमच्या भिंतीला भिंत. त्याची मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत होता. महिना मार्चचा. शेतकऱ्याच्या घरात मार्चअखेर म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना थोडे उलगडून सांगावे लागेल. सोसायटीचे पीककर्ज 31 मार्चच्या आत भरले तर ते पुन्हा नव्याने मिळते. याला आमच्याकडे ‘नवं-जुनं करणे’ म्हणतात. 2021 च्या अर्थसंकल्पात राज्याने जाहीर केले, की तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज पडणार नाही. सवलत चांगली, पण तिच्यामुळे ती एक तारीख घराच्या मानेवर बसते. कारण मार्चात उन्हाळी कांदा काही जमिनीत असतो, काही नुकता निघालेला, आणि पैसे कुठेच नसतात. मग चार-आठ दिवसांसाठी हातउसने, कोणाचे सोने बँकेत, कोणा आडत्याची उचल.

त्या मार्चात या दोघा नवरा-बायकोंत काही बिनसले होते. भांडण मोठ्याने नव्हते. मुले झोपल्यावर, दबक्या आवाजात. सकाळी चहा मिळे, शब्द मिळत नसे. तिसरीतल्या पोराचे पोट दुखू लागले. ओतूरला नेऊन दाखवले. डॉक्टरांना काही सापडले नाही. पोरीने शाळेच्या सहलीला जायचे नाही म्हणून सांगितले. का, तर गाडीत उलट्या होतात. ही पोर टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून जुन्नरला जाणारी! मी तिला संध्याकाळी निवडण-टिपण करायला जवळ बसवले आणि काही न विचारता वाट पाहिली. लसणाच्या दोन गड्ड्या सोलून झाल्यावर ती म्हणाली, “मोठी आई, आई कायमची मामाकडं जाणार ना?” कुठून काढलेस हे, म्हटल्यावर तिने सांगितले. रात्री तिने अंथरुणात दोन शब्द ऐकले होते: ‘मंगळसूत्र’ आणि ‘नाही द्यायचं’. त्यावरून पोरीने सगळी कथा रचली होती. आई गेल्यावर भावाचे दप्तर कोण भरणार, इथपर्यंत तिचा विचार झाला होता. आणि सहलीचे पैसे घरात राहिले तर कदाचित आई थांबेल, हाही.

खरी गोष्ट एवढीच होती, की पुतण्याला सोसायटीचे 2,40,000 रुपये भरायचे होते आणि त्यासाठी त्याने बायकोचे दागिने तारण ठेवायला मागितले होते.

मी त्या दोघांना बोलावून उपदेश केला नाही. त्या वयाचे आणि त्या नात्याचे माझे भांडवल मी जपून वापरते. पोर काय म्हणाली तेवढे सांगितले आणि उठून आले. पुढचे मी त्याच रात्री जेवताना पाहिले, कारण सूनबाईंनी मला मुद्दाम जेवायला थांबवले. पुतण्याने पोरीची वही घेतली, मागचे कोरे पान काढले आणि लिहू लागला. एवढे कर्ज. एवढ्या तारखेला भरायचे. भरले की काही दिवसांत परत तेवढेच मिळणार. नाही भरले तर व्याज, आणि सवलत गेली. पोरीने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “परत मिळणारच आहेत तर आईचं मंगळसूत्र किती दिवस ठेवायचं?” तो म्हणाला, “पंधरा. फार तर वीस.” सूनबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली. “वीस दिवस? हे मला का नाही बोललात?” त्याने बोलला असल्याचे सांगितले, ती म्हणाली नाही. मग पोराने आपला प्रश्न टाकला: “पण मागं पप्पांनी त्या मार्केटच्या काकांकडून आणले होते ना पैसे, ते कुठं गेले?” आणि त्या ताटांभोवती एकदम शांतता झाली. आडत्याकडून घेतलेल्या उचलीची गोष्ट बायकोला ठाऊक नव्हती. गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या पोराला ठाऊक होती.

त्या रात्री त्या घरात शांती नांदली असे मी म्हणणार नाही. सूनबाई रागावल्या, आणि रागावण्याजोगेच होते. पण आठ दिवस जे काही चालले होते त्याला नाव नव्हते, आकार नव्हता. आता राग एका गोष्टीवर होता, तिला आकडा होता आणि तारीख होती. दागिने बँकेत गेले आणि एप्रिलात परत आले. त्या वर्षीचा कांदा त्याच आडत्याकडे घालावा लागणार, हे सगळ्यांना आधीच कळले, म्हणून पुढे त्यावर भांडण झाले नाही. पोराने आपल्या गल्ल्यातले 85 रुपये आणून दिले. बापाने ते घेतले आणि वहीत त्याच्या नावे मांडले. मला ते घेणे फार आवडले. ‘राहू दे रे बाळा’ म्हणून परत केले असते तर ते पैसे खेळण्यातले ठरले असते. पोटदुखी कधी थांबली हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

या प्रसंगात पोरांनी काही शहाणपण शिकवले, असे मला म्हणायचे नाही. मुलांच्या तोंडून देव बोलतो वगैरे भाबडेपणावर माझा विश्वास नाही. त्या वयात देव कमी आणि हट्ट जास्त बोलतो. मुद्दा निराळा आहे. नवरा-बायको एकमेकांशी अर्ध्या वाक्यांत बोलतात. उरलेले अर्धे वाक्य म्हणजे जुने हिशेब. मुलाला सांगायचे म्हटले की वाक्य पुरे करावे लागते. अकरा वर्षांच्या पोरीला ‘तुला माहीत आहे मी काय म्हणतोय ते’ असे सांगून भागत नाही. तिला समजेल असे सांगताना ज्याला सांगायचे त्यालाच प्रथम समजते, आणि शेजारी बसलेल्या तिसऱ्या माणसालाही. घरातला ताण मुलांना विचारल्याने उतरतो तो त्यांच्या उत्तरामुळे नव्हे. मोठ्यांना मोकळे आणि सोपे बोलावे लागते, म्हणून उतरतो.

न विचारण्याची सवय वयाबरोबर सुटते असाही आपला एक समज आहे. 1873 साली महादेव गोविंद रानड्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, न्यायखात्यात अधिकारावर, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. इतक्यात लग्न नको, असे त्यांनी वडिलांना परोपरीने विनवले. महिन्याभरात वडिलांनी त्यांचे लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लावून दिले. विधवेशी विवाह का केला नाही म्हणून लोकांनी पुढे जन्मभर त्यांना टोचले. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या 1910 सालच्या पुस्तकात रमाबाईंनी हे सारे लिहून ठेवले आहे. अकरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नाही, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नसेल. पण ज्याच्या निवाड्याने परक्यांचे तंटे मिटत, त्या न्यायाधीशालाही आपल्या घरात आपले म्हणणे वडिलांच्या गळी उतरवता आले नाही. लहानपणी ज्याचे ऐकले गेले नाही तो मोठा झाला की आपोआप ऐकला जाईल, असे घर सहसा मानत नाही.

संस्कृत सुभाषितकाराने याला मर्यादा घालून दिली आहे: पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे धाक, सोळावे लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे. (मुलीचे नाव त्यात नाही, असो.) मला प्रश्न पडतो, की पंधरा वर्षे ज्याला धाकात ठेवले त्याच्याशी सोळाव्या वर्षीच्या कोणत्या सकाळी मैत्री सुरू करायची? आमच्या तालुक्याला शिवनेरीचा अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. शिवरायांचे रांझ्याच्या पाटलासंबंधीचे जे पत्र प्रसिद्ध आहे ते 28 जानेवारी 1646 चे; म्हणजे महाराजांना सोळावे वर्ष पुरे व्हायचे होते आणि ते गुन्ह्याचा न्याय करीत होते. हे बळ त्या दिवशी आभाळातून पडले नाही; जिजाऊंच्या शेजारी बसून कारभार ऐकता-ऐकता ते आले असले पाहिजे. शिवजयंतीला हे व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन दहावीतल्या पोराला म्हणायचे, ‘तू गप्प, तुला काय कळतंय, सायन्सला नाव घातलंय तुझं.’

कधी कधी तर मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त कळत असते, आणि तेही विचारले जात नाही. आमच्या भागात उसाबरोबर बिबट्याची वस्ती वाढली. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने गावठाणातले घर सोडून मळ्यात नवे घर बांधले. जागा, दिशा, पाणी, वास्तुशास्त्र, सगळे पाहिले. दहा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी शाळेतून कोणत्या वाटेने यावे लागेल, हे त्याला सोडून सगळ्यांनी ठरवले. पोरगा रोज उशिरा येऊ लागला, रोज बोलणी खाऊ लागला. महिन्याने कळले, की दोन्ही अंगांनी उंच ऊस असलेल्या त्या वाटेच्या तोंडाशी असलेल्या मोरीवर तो कोणीतरी मोठे माणूस येईपर्यंत थांबून राहत असे. डेअरीच्या अंगाने दुसरी वाट होती, थोडी लांबची पण वर्दळीची. ती त्याला ठाऊक होती, घराला नव्हती.

मात्र विचारणे आणि सोपवणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर ज्यांना दिसत नाही त्यांनी मुलांना न विचारलेलेच बरे. 1890 सालच्या पालक आणि पाल्य कायद्यात एक कलम आहे: मूल समंजस मत बनवण्याइतके मोठे असेल तर त्याचा ताबा कोणाकडे द्यायचा हे ठरवताना न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते. शंभरांहून जास्त वर्षे हा कायदा आहे. म्हणजे घर मोडल्यावर न्यायाधीश ज्या मुलाला आत बोलावून विचारतो, त्याला घर उभे असताना घरातले कोणी विचारत नाही. तरीही तो न्यायाधीश मुलाचा कौल ऐकतो, निकाल आपण देतो. निकालाचे पाप तो पोराच्या माथी मारत नाही. घरात नेमके हेच चुकते. ‘सांग, आई बरोबर की मी?’ असे विचारणारा बाप मुलाचा मान राखत नाही, त्याला साक्षीदार करतो. कर्जाच्या भीतीने रात्रभर जागणाऱ्या आईने बारा वर्षांच्या मुलापाशी रडणे, हे मी समजू शकते. पण त्याला ‘आता तूच घराचा आधार’ म्हणणे म्हणजे पोराच्या पाठीवर पोते देणे होय. आणि आधीच ठरवून ठेवलेली गोष्ट वरवर विचारण्याचे नाटक मुले चट्कन ओळखतात. पुन्हा विचारायला गेलात तर ती ‘काहीही चालेल’ म्हणून मोकळी होतात. ज्यात तुमचे मत बदलण्याची तयारी नाही तिथे सरळ सांगावे: हे आम्ही ठरवले आहे, कारण अमुक. तेही पुष्कळ असते.

पोलंडमधल्या यानुश कोर्चाक नावाच्या डॉक्टरने 1912 साली वॉर्सामधल्या एका अनाथगृहाची जबाबदारी घेतली. तिथे त्याने मुलांचे न्यायालय चालवले. न्यायाधीश मुलेच, कोणीही कोणावर फिर्याद करावी, शिक्षकांवरही, आणि खुद्द कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभा राहिलेला आहे. त्याच्या न्यायसंहितेतली बहुतेक सुरुवातीची कलमे क्षमेची होती. पुढे नाझींनी त्या मुलांना भिंतीआडच्या वस्तीत कोंडले. तिथे 18 जुलै 1942 ला मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ केले. खिडकीशी बसून पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलचे ते नाटक. मुलांना मरण शांतपणे भेटावे म्हणून त्याने ते निवडले, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. तीन आठवडेही झाले नाहीत तोच ती मुले आणि त्यांच्याबरोबर तोही ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे नेला गेला. दिवाळीच्या अंकात हे वाचायला जड जाईल याची मला कल्पना आहे. पण मुलांना काय सांगू नये याची यादी करताना मला हा माणूस आठवतो. जगातली सर्वांत मोठी आणि सर्वांत वाईट गोष्ट त्याने मुलांच्या मापाची करून त्यांच्या हाती दिली. आपल्याकडे तर नुसती सोसायटीची थकबाकी असते.

मुलांना बोलावले की घरातला ताण कमी होतो, हे मी म्हटले खरे. पण त्यात एक पोटकलम घातले पाहिजे. तुम्ही बोलावता एका प्रश्नासाठी; ती येताना आपले प्रश्न बरोबर घेऊन येतात, आणि मग तुम्हाला ‘हा विषय नाही’ म्हणता येत नाही. पुतण्याच्या घरी ती वही आता दर वर्षी निघते. पोर नववीत गेली आहे. यंदा कांद्याच्या बराखीसाठी अनुदानाचा अर्ज करायचा म्हणून तिनेच मोबाइलवर सातबारा काढला आणि मोठ्याने वाचू लागली. आजोबा गेल्यानंतर लागलेली नावे: तिच्या बापाचे, तिच्या चुलत्याचे. मग ती थांबली.

“आत्याचं नाव कंसात का आहे?”

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा कंस ठाऊक आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, साऱ्या देशाने 2005 साली. कायद्याने नाव लागते. मग एक दिवस बहिणीला गाडीत घालून तालुक्याला नेतात, हक्कसोडपत्रावर तिची सही होते, येताना साडी घेतात आणि नाव कंसात जाते.

“तिनं हक्क सोडला,” पुतण्या म्हणाला.

“तिला विचारलं होतं?”

त्याने काहीच उत्तर दिले नाही. सूनबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी त्या घरात बसलेली होते, आणि त्या सहीच्या दिवशीही मी याच घरात होते. त्या पोरीला आम्ही कोणीच काही विचारले नव्हते, आणि तिनेही, या घरच्या वळणाप्रमाणे, काही विचारले नव्हते.

अर्ज त्या दिवशी तसाच राहिला. आत्या भाऊबीजेला यायची आहे. पोर म्हणते, मी तिलाच विचारते. बापाने तिला ‘तू तुझा अभ्यास कर’ म्हटलेले नाही. पण गेल्या चार दिवसांत त्याने मला दोनदा विचारले, की एकदा नोंदवलेल्या हक्कसोडीनंतरही बहिणीच्या नावे काही करता येते काय. मी त्याला जुन्नरला वकिलांकडे जाऊन ये म्हटले आहे, आणि जाताना पोरीलाही घेऊन जा म्हटले आहे.